फ्री फ्लॅपची शीर दुसऱ्या दिवशी का बंद पडते?

नाशिकमध्ये नुकतेच काम सुरू केलेल्या एका तरुण प्लॅस्टिक सर्जनने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "सर, सुरुवातीच्या फ्री फ्लॅपपैकी दोन मी गमावले. एक गालाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर लावलेला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातला एएलटी फ्लॅप आणि दुसरा अपघातात उघड्या पडलेल्या नडगीवरचा फ्लॅप. दोन्ही वेळा धमनी शेवटपर्यंत चालू होती, शीर मात्र दुसऱ्या दिवशी गोठली. प्रशिक्षणात उंदराच्या एक मिलिमीटरच्या धमनीवर माझी जोडणी व्यवस्थित चालत असे. आता टाके घालण्याची पद्धत बदलू, शिरा जोडणाऱ्या कड्या, म्हणजे कप्लर, विकत घेऊ, की रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचे प्रमाण वाढवू? आणि नडगीच्या त्या रुग्णाचे पुढे काय करू?"

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात, ते म्हणजे दोन्ही वेळा धमनी शेवटपर्यंत चालू होती. ज्या हातांनी जोडलेली दोन मिलिमीटरची धमनी दुसऱ्या दिवशीही धडधडत राहते, त्या हातांना त्याहून रुंद शीर जोडता येत नाही, हे मी सहजासहजी मान्य करणार नाही. टाक्याचाच दोष असेल, म्हणजे मागची भिंत टाक्यात अडकली असेल किंवा कडा आत वळली असेल, तर जोडणी बहुधा टेबलावरच किंवा पहिल्या काही तासांत बंद पडते. दिवसभर नीट वाहून मग गोठणाऱ्या शिरेला बहुतेक वेळा बाहेरून काहीतरी दाबत असते, ती कुठेतरी मुडपलेली किंवा पिळलेली असते, अथवा निवडली तेव्हाच ती आजारी असते. टाक्यांविषयीही मी लिहीन, पण ते नंतर.

हे उत्तर रुग्णांचे नातेवाईकही वाचतील, म्हणून एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. शरीराच्या एका भागातील त्वचा, स्नायू किंवा हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह पूर्ण सोडवून दुसऱ्या जागी न्यायचे आणि तेथील धमनी व शीर त्याच्या धमनी व शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची, याला फ्री फ्लॅप म्हणतात. आपल्याकडची जुनी पद्धत वेगळी होती. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची त्वचा खाली वळवून पुन्हा घडवले आणि त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आला. त्या शस्त्रक्रियेत कपाळाची त्वचा भुवयांमधल्या देठावर जिवंत राहिली, म्हणजे धमनीही तोडावी लागली नाही आणि शीरही नाही. फ्री फ्लॅपमध्ये आपण तो देठ तोडतो. त्या बदल्यात शरीराच्या कोणत्याही भागातून हवी ती ऊती हवी तेथे नेण्याचे स्वातंत्र्य मिळते, मात्र धमनी आणि शीर दोन्ही पुन्हा जोडून चालत्या ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आलेक्सी कारेल यांनी १९०२ मध्ये तीन आधारटाक्यांची जोडणी दाखवली, जेकबसन आणि सुआरेझ यांनी १९६० मध्ये शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक लहान रक्तवाहिन्यांसाठी वापरला, आणि टेलर व डॅनियल यांनी १९७३ मध्ये जांघेतील त्वचेचा फ्री फ्लॅप पायावर नेऊन लावल्याचे प्रसिद्ध केले. धमनी जोडण्याचा प्रश्न यातून बराच सुटला. शिरेचा प्रश्न मात्र सगळ्या जगाला अजून छळतो. फ्री फ्लॅपमधील गुठळ्यांपैकी जास्त गुठळ्या शिरेतच होतात, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

याचे कारण शिरेच्या स्वभावातच आहे. धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर फ्लॅपच्या शिरेत तो जेमतेम ५ ते १५ असतो. धमनीवर बोटाचा हलका भार पडला तरी ती दाद देत नाही, पण तेवढ्याच भाराने शीर चपटी होते. नळीचा व्यास निम्मा झाला तर त्याच दाबाला तीतून जाणारा प्रवाह जवळजवळ सोळाव्या भागावर येतो, हे प्वाझयचे गणित आपण पहिल्या वर्षाला पाठ करतो आणि नेमके टेबलावर विसरतो. प्रवाह मंदावला, भिंत थोडी दुखावलेली आहे आणि शस्त्रक्रियेमुळे रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढलेली आहे, म्हणजे फिर्खोने १९व्या शतकात सांगितलेली तिन्ही कारणे एकाच जागी जमली. धमनी आत रक्त ढकलत राहते, बाहेर जायला वाट नसते, आणि फ्लॅप तुंबून मरतो. चालू धमनीने तुमचे फ्लॅप वाचवले नाहीत. शीर बंद पडल्यावर तिने ते तुंबवण्याचेच काम केले.

आता तुमच्या नडगीच्या रुग्णाकडे येतो, कारण तेथे शिरेची निवडच संशयास्पद वाटते. मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातातून येणारे पाय आपण सगळेच पाहतो. दुचाकी, मालवाहू वाहन, नडगीचे हाड उघडे, आणि आसपासचा भाग वरून फारसा दुखावलेला नाही असे वाटते. पण इजेचे क्षेत्र डोळ्यांना दिसते त्याहून बरेच वरपर्यंत पोहोचलेले असते. तेथील शिरांभोवतीच्या ऊतींत सूज आणि पुढे चिकटपणा येतो, भिंत जाड व ठिसूळ होते, आणि हात लावताच शीर आकसते. निरोगी शीर चिमट्याच्या टोकाने आवरणाला धरून उचलली की ओल्या मलमलीसारखी लवते, आजारी शीर दोरीसारखी उभी राहते. कापल्यावर आतली भिंत पांढरी आणि चकचकीत दिसली पाहिजे. तेथे गोठू लागलेल्या रक्ताचा, म्हणजे फायब्रिनचा, एखादा तंतू किंवा लालसर डाग दिसला, तर आणखी एक सेंटिमीटर वर कापा, आणि पुन्हा दिसला तर पुन्हा वर जा. नंतर बोथट सुईने हेपॅरिनचे सलाईन आत सोडा. ते विनातक्रार वाहून गेले तर वरची वाट मोकळी आहे. सिरिंजला जोर लावावा लागला, तर ती शीर कितीही सोयीच्या जागी असली तरी सोडून द्या. पेडिकल, म्हणजे फ्लॅपसोबत आलेल्या रक्तवाहिन्यांचा देठ, पुरत नाही म्हणून माणूस मोहात पडतो आणि इजेच्या क्षेत्रातच जोडणी करतो, हे मी स्वतः केलेले आहे. त्यापेक्षा शिरेचा तुकडा जोडून लांबी वाढवलेली बरी. तशी लांबी वाढवल्याने धोका वाढतो हेही खरे, म्हणून त्याहून बरे म्हणजे लांब पेडिकलचा फ्लॅप सुरुवातीलाच निवडणे.

वेळेचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. ल्युब्ल्यानाच्या मार्को गोडिना यांनी १९८६ मध्ये ५३२ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यात ७२ तासांच्या आत केलेल्या फ्लॅपपैकी ०.७५ टक्के गेले, ७२ तास ते तीन महिने या काळात केलेल्यांपैकी १२ टक्के, आणि त्यानंतर केलेल्यांपैकी ९.५ टक्के. आपल्याकडे सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून रुग्ण आधी एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी फिरून आपल्यापर्यंत येतो तेव्हा ७२ तास बहुधा उलटून गेलेले असतात. म्हणून फ्लॅप करूच नये असे नाही. जखम पुन्हा पुन्हा नीट साफ करून, स्राव शोषून घेणाऱ्या व्हॅक्यूम ड्रेसिंगने झाकून, मधल्या काळातही चांगला फ्लॅप करता येतो. फक्त त्या दिवसांत जोडणी जखमेपासून दूर, शक्यतो गुडघ्याच्या बाजूला निरोगी भागात करायची. पायात मी सहसा मागच्या टिबियल धमनीला कुशीत, म्हणजे तिच्या बाजूला छिद्र करून जोडणी करतो, त्यामुळे पायाचा स्वतःचा रक्तपुरवठा तुटत नाही. शिरा मात्र दोन जोडतो. एकच चांगली शीर जोडल्यास तीतील प्रवाहाचा वेग जास्त राहतो आणि तेवढीच पुरते, असे म्हणणारे आहेत. मान आणि चेहऱ्याच्या बाबतीत मला ते पटते. पायाच्या बाबतीत नाही, कारण पाय खाली लोंबला की शिरेवर रक्ताच्या स्तंभाचा सगळा भार येतो, आणि तेव्हा दुसरी वाट उपयोगी पडते.

याच संदर्भात एक साधी, पण बरेच नुकसान वाचवणारी सवय सांगतो. पुढच्या हातावरून रेडियल फ्लॅप घ्यायचे ठरले असेल, तर आदल्या दिवशी त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा : "या हाताला सलाईन लावू नये." वॉर्डात सुई लावणाऱ्या कर्मचाऱ्याला मनगटाजवळची सेफॅलिक शीर सर्वांत सोपी वाटते आणि ती बरोबरच असते, पण तुम्हाला फ्लॅपसाठी तीच शीर हवी असते. दोन दिवस सुई राहिलेली सेफॅलिक शीर बाहेरून ठीक दिसते आणि आतून सुजलेली असते. पायातल्या सॅफेनस शिरेचेही तसेच. अपघातानंतरच्या धावपळीत घोट्याजवळ ती कापून सलाईन दिलेले असेल, तर ती शीर गेली असे समजा.

आता टाके. प्रयोगशाळेतील एक मिलिमीटरची धमनी ही चांगली शाळा आहे, पण ती धमनीची शाळा आहे. तिची भिंत जाड असते, कापल्यावर तोंड गोल उघडे राहते, सुई कुठून शिरली आणि कुठून निघाली ते दिसते. शीर कापली की तिचे ओठ मिटतात, ओल्या प्लॅस्टिक पिशवीच्या तोंडासारखे. त्यामुळे शिरेत मागची भिंत समोरच्या टाक्यात अडकणे हा नेहमीचा अपघात आहे. यावर माझा उपाय म्हणजे जोडणीचे क्षेत्र सलाईनने भरून ठेवणे. पाण्याखाली शिरेचे ओठ आपोआप तरंगून उघडतात आणि आतली पोकळी दिसते. चिमट्याने आतली भिंत कधीही धरायची नाही. चिमटा मिटलेला आत सरकवून आधार द्यायचा किंवा बाहेरच्या आवरणाला धरायचे. बाहेरचे सैल आवरण धमनीवर जेवढ्या निष्ठेने काढता तेवढे शिरेवर काढू नका, ओठांवर लोंबणारा भाग काढला की पुरे. टाक्याची पकड धमनीत भिंतीच्या जाडीच्या एक-दोन पट असावी, शिरेत थोडी जास्त चालते, आणि टाक्यांची संख्या धमनीपेक्षा कमी ठेवता येते. दोन ते तीन मिलिमीटरच्या शिरेला ९-० मापाचा नायलॉनचा दोरा बस होतो. लहान शिरेला १०-० घ्या, त्याचा दोरा माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक असतो. शेवटचे दोन-तीन टाके घालून ठेवायचे, पण बांधायचे नाहीत. त्या मोकळ्या फटीतून आत पाहायचे, सलाईन सोडायचे, मागची भिंत सुटी आहे याची खात्री करायची आणि मगच गाठी मारायच्या. हे तुम्हाला शिकवलेले असेलच, पण सातव्या-आठव्या तासाला, पोटात भूक आणि पाठीत कळ असताना, सर्वांत आधी हीच पायरी गाळली जाते.

सलग टाका की सुटे टाके, या वादात मी फार वेळ घालवणार नाही. सुट्या टाक्यांनी मार्ग आवळला जात नाही, सलग टाक्याने वेळ वाचतो, आणि हात बसलेल्या माणसाकडून दोन्ही चालतात. सलग टाका ओढून घट्ट केला तर चंचीच्या नाडीसारखे शिरेचे तोंड आवळले जाते, म्हणून पहिल्या पन्नास फ्लॅपपर्यंत तरी सुटेच टाके घाला. दोन तोंडांच्या आकारात दीडपटीपर्यंत फरक असेल तर लहान तोंड हळूच रुंद करून जुळवता येते. त्याहून जास्त असेल तर लहान तोंड तिरके कापा, आणि अगदी विजोड असेल तर मोठ्या शिरेच्या कुशीत जोडा. मानेत अंतर्गत जुगुलर शिरेला असे जोडणे मला फार आवडते, कारण ती मोठी असते आणि श्वासागणिक तिच्यातले रक्त छातीकडे ओढले जाते. मात्र शस्त्रक्रियेत ती राखली गेली पाहिजे, आणि हे गाठी काढणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे लागते.

कप्लर विकत घ्यावा का? घ्या, जमत असेल तर. दोन कड्या, त्यांवर बारीक काटे, त्यांवर शिरेची तोंडे बाहेर उलटून टोचायची आणि कड्या एकमेकींत मिटवायच्या. कल्पना १९६०च्या दशकातील जपानी सर्जन नाकायामांची, आजचे रूप १९८०च्या दशकातील. एक ते चार मिलिमीटरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या मापांत तो मिळतो. आतल्या भिंतीला आतली भिंत भिडते, पोकळीत दोरा येत नाही, कडी मार्ग उघडा धरून ठेवते आणि वीस-पंचवीस मिनिटे वाचतात. हे सगळे खरे आहे. पण तो एकदाच वापरायचा असतो, त्याची किंमत दोऱ्याच्या कितीतरी पट आहे, आणि सरकारी योजनेच्या पॅकेजात ती बसवताना रुग्णालयाच्या व्यवस्थापनाशी दर वेळी वाद घालावा लागतो. आणि तुमच्या अडचणीवर तो इलाजही नाही. कप्लर जोडणीचे तोंड उघडे ठेवतो. त्याच्या दोन सेंटिमीटर पुढे शीर पिळलेली असेल, तर उघड्या तोंडातून आलेले रक्त तेथे जाऊन थांबणारच.

गालाच्या रुग्णाच्या बाबतीत माझा संशय या पिळावर आणि दाबावर जातो. मुखकर्करोग हे आपल्याकडील फ्री फ्लॅपचे मोठे कारण आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू, मिश्री आणि पुड्यांनी आपली ओपीडी कधी ओस पडू दिलेली नाही. या रुग्णाचे डोके शस्त्रक्रियेच्या वेळी विरुद्ध बाजूला वळवलेले असते. त्या स्थितीत पेडिकल सुरेख बसते, पण रुग्ण आयसीयूत डोके सरळ करतो तेव्हा तेच पेडिकल मुडपते. जोडणी झाल्यावर डोके सरळ करा, थोडे दोन्हीकडे वळवा आणि प्रत्येक स्थितीत शिरेकडे पाहा. एएलटीत पेडिकल लांब असते आणि बोगद्यातून मानेत नेताना ते पूर्ण वेढा घेऊ शकते. त्यासाठी फ्लॅप तोडण्याआधीच, रक्त वाहत असताना, शिरेच्या पुढच्या बाजूवर शाईने एक सलग रेघ ओढून ठेवा. मानेत आल्यावर ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच बाजूला दिसली पाहिजे. रेघेला बिचाऱ्या शाईशिवाय काही खर्च नाही, पण तिने माझे किती फ्लॅप वाचवले असतील त्याची गणती मी ठेवलेली नाही.

दाबाची ठिकाणे मी रोज मोजून पाहतो. ट्रेकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची, नाडी मानेभोवती बांधलेली असेल, तर ती सोडवून नळी त्वचेला टाक्यांनी पक्की करा. सूज वाढते तशी ती नाडी शिरेवर करकचते, आणि वॉर्डातील एखादी दक्ष व्यक्ती नळी निघू नये म्हणून ती आणखी घट्ट बांधते. ऑक्सिजनच्या मास्कचे इलॅस्टिक, मानेवरची पट्टी, कातडी ओढून घातलेले टाके, आणि सर्वांत फसवे म्हणजे साकळलेले रक्त. मानेत लिंबाएवढे रक्त साकळले तरी शीर बंद पडायला पुरते. निचऱ्याची नळी जोडणीपासून दूर, टाक्याने एका जागी धरून ठेवा, नाहीतर शोषणाच्या ओढीने तिचे टोकच शिरेला चिकटून बसते. कातडी ताणाविना मिटत नसेल तर त्या जागी पातळ त्वचारोपण करून मोकळे व्हा. मानेवरचा तो चौकोन दिसत राहील, पण फ्लॅप राहील.

यावरून हेपॅरिनच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे मिळते. नियमित मात्रेत, पायांतील गुठळ्या टाळण्यासाठी त्वचेखाली दिले जाणारे हेपॅरिन मी देतो. मात्रा वाढवून रक्त पातळ केले तर जोडणीपेक्षा जखम जास्त वाहते, रक्त साकळते, आणि ज्या शिरेला वाचवायला हेपॅरिन दिले तिलाच ते साकळलेले रक्त दाबते. जोडणी धुण्याच्या सलाईनमध्ये मिलिलिटरला १०० युनिट हेपॅरिन असले की काम भागते.

भूलतज्ज्ञांना या शस्त्रक्रियेत निम्मे श्रेय द्यावे लागते. रुग्ण गरम हवा, रक्तदाब वरचा १०० च्या वर हवा, लघवी नीट उतरत हवी, आणि सलाईनचा पूर नको, कारण सुजलेल्या फ्लॅपची शीर स्वतःच्याच सुजेने दबते. निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली उतरतो अशा आठवड्यात मी शस्त्रक्रियागृहाचा एसी बंद ठेवायला लावतो आणि सगळे कुरकुरतात. दहा तास घामेजून काम करावे लागते हे मान्य. पण थंडीने कुडकुडणाऱ्या रुग्णाच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि एकदा आकसलेली वाहिनी लिग्नोकेन किंवा पापाव्हरीन टाकून सोडवताना जो वेळ जातो, त्यापेक्षा घाम परवडतो.

आता रात्रीविषयी, आणि येथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरमधील एका रात्री दीड वाजता मला वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, फ्लॅप जरा निळसर वाटतोय, थोडा फुगल्यासारखाही आहे. पण डॉप्लर ऐकू येतोय." मी म्हणालो, "डॉप्लर येतोय ना, मग सकाळी बघू." सकाळी सात वाजता फ्लॅप जांभळासारखा झालेला होता. मान उघडली तेव्हा शिरेभोवती साकळलेले रक्त, शिरेत गुठळी, आणि धमनी अजूनही चालू. सिस्टरांनी डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रावर, ऐकलेला आवाज त्याच चालू धमनीचा होता आणि तो खोटा नव्हता. शिरेबद्दल मात्र त्या आवाजाने काहीच सांगितले नव्हते. जे सांगायचे होते ते "जरा" या शब्दात सिस्टरांनी सांगितले होते. तो फ्लॅप गेला. सिस्टर मला एक शब्दही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे पहिले २४ तास दर तासाला, पुढचे दोन दिवस दर दोन तासांनी फ्लॅप पाहायचा आणि "जरा वेगळा वाटतोय" एवढे वाक्य मला घरून निघायला पुरेसे आहे, असा नियम आहे. काय पाहायचे तेही लिहून भिंतीवर लावा. शीर तुंबली की फ्लॅप निळसर, टणक आणि फुगीर होतो, दाबून सोडल्यावर रंग झटकन, दोन सेकंदांच्या आत परत येतो, आणि सुईने टोचल्यावर काळसर रक्त भराभर येते. धमनी बंद पडली की तो फिका, मऊ आणि गार होतो आणि टोचल्यावर काही येत नाही. शेतात राबलेल्या, उन्हाने रापलेल्या त्वचेवर निळी झाक लवकर दिसत नाही, पाश्चात्त्य पुस्तकांतील गुलाबी फ्लॅपची चित्रे तेथे कामाला येत नाहीत. म्हणून मी टोचण्यावर जास्त भर देतो. टोचलेला थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेऊन रुग्णाच्या बोटातील साखरेशी त्याची तुलना करणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. तुंबलेल्या फ्लॅपमध्ये पेशी साखर वापरत राहतात आणि नवे रक्त येत नाही, त्यामुळे फ्लॅपची साखर बोटापेक्षा उतरत जाते. एका आकड्यापेक्षा तासागणिक उतरणारी रेघ महत्त्वाची.

खौरी यांनी १९९८ मध्ये अनेक केंद्रांतील ४९३ फ्री फ्लॅपचा अभ्यास मांडला. त्यात सुमारे १० टक्के फ्लॅपमध्ये गुठळी होऊन रुग्णाला परत टेबलावर न्यावे लागले, पण शेवटी गमावलेले फ्लॅप सुमारे ४ टक्केच होते. म्हणजे गुठळी झालेल्या फ्लॅपपैकी निम्म्याहून अधिक फ्लॅप कोणीतरी रात्री उठून वाचवले. संशय आला की आधी पलंगापाशीच दोन-तीन टाके सोडून साकळलेले रक्त मोकळे करा, तेवढ्याने कधी कधी शीर पुन्हा वाहू लागते. टेबलावर गुठळी दिसली तर जोडणी पूर्ण सोडवा, गुठळी हळुवार काढा, आणि फ्लॅपमध्ये गुठळी विरघळवणारे औषध धमनीकडून सोडायचे असेल तर शीर उघडी ठेवून ते बाहेर वाहू द्या, म्हणजे ते शरीरभर जात नाही. मग शक्यतो दुसरी शीर निवडा. ज्या कारणाने पहिली बंद पडली ते सापडल्याशिवाय तीच जोडणी पुन्हा करणे व्यर्थ आहे. मे आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सशांवर दाखवले की १२ तास रक्ताविना राहिलेल्या फ्लॅपमध्ये मोठी वाहिनी उघडली तरी सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त फिरतच नाही. तुंबलेल्या फ्लॅपच्या बाबतीत घड्याळ त्याहूनही निर्दय असते.

जळवांबद्दल आपल्याकडे हमखास विचारले जाते, कारण आयुर्वेदातील जलौका सगळ्यांना ठाऊक असतात. तुटून जोडलेले बोट किंवा फ्लॅपची एखादी कड तुंबली असेल तर त्या खरोखर उपयोगी पडतात, फक्त त्यांच्या पोटातील एरोमोनास जंतूसाठी प्रतिजैविक द्यावे लागते. मुख्य शीर बंद पडलेला मांडीएवढा फ्लॅप मात्र जळवांच्या भरवशावर ठेवायचा नसतो, त्याला टेबलावरच न्यायचे.

सरावाबद्दल एवढेच, की यापुढे धमनीवर कमी आणि शिरेवर जास्त सराव करा. खाटकाकडून कोंबडीची मांडी आणा. तीत धमनी आणि शीर दोन्ही सापडतात, प्राण्यावरील प्रयोगाची परवानगी लागत नाही, आणि शिरेचे ओठ तेथेही तसेच मिटतात.

शेवटी तुमचा नडगीचा रुग्ण. दुसरा फ्री फ्लॅप लगेच या आठवड्यात करू नका. पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे, निचऱ्याचे तासागणिक आकडे आणि रात्रपाळीच्या नोंदी काढून बसा, फ्लॅप निळा पडल्याची पहिली नोंद किती वाजता झाली आणि तुम्हाला फोन किती वाजता आला ते पाहा, रात्रपाळीच्या सिस्टरांशी न रागावता बोला. रक्त प्रमाणाबाहेर गोठण्याचा जन्मजात दोष नाही ना, याच्या तपासण्या करून घ्या. दरम्यान मृत भाग काढून व्हॅक्यूम ड्रेसिंग लावा. सीटी अँजिओग्राममध्ये गुडघ्याखालच्या धमन्या पाहा, आणि शिरांसाठी वेगळा डॉप्लर करून खोल शिरांत गुठळी नाही याची खात्री करा, कारण असल्यास कोणतीही जोडणी टिकणार नाही. उघडे हाड नडगीच्या वरच्या तिसऱ्या भागात असेल तर पोटरीतील गॅस्ट्रॉक्निमियस स्नायू देठावरच फिरवून काम होईल, मधल्या भागात असेल तर त्याखालचा सोलियस स्नायू चालेल का ते पाहा, आणि तेथे फ्री फ्लॅपचा अट्टाहास धरू नका. खालच्या तिसऱ्या भागात असेल तर दुसरा फ्री फ्लॅप लागेल. तेव्हा लांब पेडिकल घ्या, जोडणी गुडघ्याच्या खाली निरोगी भागात करा, दोन शिरा जोडा, आणि हरकत नसेल तर मला फोन करा, मी सोबत उभा राहीन.